भरती संपल्यावरचं पळणं

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या वरूडच्या रस्त्यांवर पहाटे पळणाऱ्या माणसाचं वय साधारण ठरलेलं असतं. अठरा ते अठ्ठावीस, आरक्षणात बसत असेल तर तेहतीस. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळावं लागतं, सैन्यातही पळणं आधी आणि बाकीचं नंतर. म्हणून जरूडकडे, शेंदुरजना घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेनं पोरं अंधारातच जमतात, मोबाइलवर वेळ लावतात आणि जीव खाऊन पळतात. मग कुणाची भरती होते, कुणाचं वय निघून जातं. दोन्ही प्रकारांत पळणं त्याच दिवशी थांबतं. ज्याला नोकरी लागली त्याला पळायचं कारण उरत नाही आणि ज्याला लागली नाही त्याला पळण्याचं नाव नको होतं.

त्यामुळे पांढऱ्या केसांचा माणूस त्याच रस्त्यावर पळताना दिसला की पोरांना खरोखर कोडं पडतं. एकानं मला विचारलंच, "काकाजी, तुमी काहून पयता जी? तुमची बी भरती हाये का?" टिंगल नव्हती त्यात. आमच्याकडे म्हाताऱ्यानं चालावं हे सर्वांना मान्य आहे. डॉक्टरनं सांगितलं असेल, साखर असेल, असं लोक धरून चालतात. पळण्याला मात्र कारण लागतं, आणि ते तोंडावर सांगता येण्यासारखं लागतं. मी त्या वेळी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न रास्त आहे.

कसलेल्या शरीराचं म्हातारपणी काय करायचं, याचं आमच्या भागातलं जुनं उत्तर तालमीतलं आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलं, आणि 1936 मध्ये त्याच मंडळाच्या खेळाडूंनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. वऱ्हाडाला व्यायामाचं वावडं कधीच नव्हतं. पण आखाड्याच्या रचनेत वय झालेल्या पहिलवानाची जागा पक्की असते: तो वस्ताद होतो. कडेला बसतो, पोरांना डाव सांगतो, चुकलं तर शिवी देतो. त्याचं शरीर निवृत्त होतं आणि त्याची नजर कामाला लागते. ही व्यवस्था शहाणी आहे, मला तिच्याबद्दल आदरच आहे. लांब पल्ल्याच्या पळण्याला मात्र वस्ताद नसतो. त्यात डाव नसतात, सांगण्यासारखं दोन दिवसांत सांगून होतं, आणि उरलेलं ज्याचं त्यानं पळूनच काढायचं असतं. म्हाताऱ्या पळणाऱ्याला कडेला बसायला जागाच नाही.

महाराष्ट्रात म्हातारपणी पळणारी व्यक्ती म्हटलं की लोकांना लता भगवान करे आठवतात. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, म्हणजे आमच्याच वऱ्हाडातल्या. पोटासाठी बारामतीकडे गेलेल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते, म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून अनवाणी बारामतीच्या मॅरेथॉनमधल्या ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरली आणि पहिली आली. 2020 मध्ये तिच्यावर चित्रपट आला, त्यात तिनं स्वतःच स्वतःची भूमिका केली, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. तिच्या जिद्दीपुढे हात जोडावेत. पण ही गोष्ट आम्हाला इतकी का आवडते, याचा विचार करताना मला जरा अवघडल्यासारखं होतं. तिच्या पळण्याला कारण होतं, आणि तेही दवाखान्याचं. म्हातारी बाई बक्षिसासाठी पळाली हे आम्हाला लगेच कळतं, डोळ्यांत पाणीही येतं. तीच बाई उद्या म्हणाली असती की मला पळायला आवडतं म्हणून मी पळते, तर किती जणांनी टाळ्या वाजवल्या असत्या?

आमच्या संस्कृतीत म्हाताऱ्यांनी विनाकारण पळण्याला जागा नाही असं म्हणावं, तर वारी आडवी येते. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी निघते, शेगावहून गजानन महाराजांची. आमच्या जिल्ह्यांतली म्हातारी माणसं त्यांच्यासोबत कित्येक आठवडे चालतात. आणि वारीत नुसतं चालणं नसतं. रिंगणात अश्व सुटण्याआधी पताकावाले पळतात, तुळशीवाल्या पळतात, टाळकरी पळतात, गळ्यात वीणा घेतलेले विणेकरी पळतात. त्यांतले कित्येक सत्तरीच्या पुढचे असतात. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या वाटेवर वेळापूरजवळ उतार आहे. तिथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आख्यायिका. म्हणून आजही त्या उतारावर सगळे धावतात. त्याला धावा म्हणतात. जिथे एरवी घरच्यांनी 'आबा, हळू' म्हटलं असतं, तिथे आबा धोतर सावरून सुटतात आणि कुणी अडवत नाही. कोण पहिला आला हे कुणी विचारत नाही, वेळही कुणी लावत नाही. पण तो वर्षातला एक उतार असतो. रोज पहाटे घड्याळ लावून पळणाऱ्याला धाव्याचा आधार पुरता घेता येत नाही, कारण त्याच्याकडे घड्याळ आहे.

आणि घड्याळ निर्दय असतं. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी घटते. सराव ठेवणाऱ्यांची जरा कमी घटते, पण घटते. हृदयाचे कमाल ठोके खाली येतात, आणि ते सरावानंही थांबत नाही. स्नायूंमधले झटकन आकसणारे तंतू आधी जातात. पावलांची लय म्हातारपणीही बरीचशी टिकते, आखूड होते ती ढांग, कारण पोटरीतला आणि घोट्यातला मागे रेटण्याचा जोर ओसरतो. बाहेरून पाहणाऱ्याला माणूस पूर्वीसारखाच पळताना दिसतो, फक्त रस्ता लांबलेला असतो.

हे सगळं पुस्तकात वाचणं वेगळं आणि दर वर्षी त्याच पुलापासून त्याच पुलापर्यंत मोजणं वेगळं. बहुतेक माणसांना म्हातारपण अचानक भेटतं. जिना चढताना, फोटो पाहताना, बसमध्ये कुणी उठून जागा दिली की. मधली दहा-पंधरा वर्षं ते कुठे होतं याचा त्यांना पत्ता नसतो. पळणाऱ्याला ते रोज भेटतं, सेकंदासेकंदानं, आणि ओळखीचं होतं. पळण्यानं माणूस तरुण राहतो असं जे सांगतात, त्यांनी बहुधा पन्नाशीनंतर वेळ लावून पाहिलेली नसते. माझ्या मते पळण्यातून मिळतं ते नेमकं उलट: आपण म्हातारे होत असताना तिथे हजर राहता येतं.

रोमन वक्ता सिसेरोनं इसवीसनापूर्वी 44 मध्ये म्हातारपणावर एक संवाद लिहिला. त्यात 84 वर्षांचा रोमन सिनेटर केटो क्रोटोनच्या मायलोची गोष्ट सांगतो. मायलो ग्रीसचा सर्वांत नामांकित मल्ल, कुस्तीत सहा वेळा ऑलिंपिक जिंकलेला. म्हातारपणी तो तरुण मल्लांचा सराव पाहत होता, स्वतःच्या दंडांकडे बघितलं आणि हे तर मेले म्हणून रडू लागला. केटोला त्याचा तिटकारा येतो: दंड कसले, तूच मेलास, तुझं नाव दंडांमुळे झालं, तुझ्यामुळे नाही, अशा अर्थाचं तो सुनावतो. पिढ्यान्‌पिढ्या वाचकांनी केटोची बाजू घेतली आहे. मला मायलो जवळचा वाटतो. केटोचं सगळं वैभव सिनेटमधलं, वयानं वाढणारं. त्याला गमावण्यासारखं फार नव्हतं, तेव्हा त्याचा उपदेश स्वस्त आहे. मायलोनं निदान दंडांकडे बघितलं. चुकलं असेल तर इतकंच की मधली सगळी वर्षं न बघता तो एकदम शेवटी बघायला गेला.

आरोग्याचं कारण आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. स्टॅनफर्डच्या जेम्स फ्राईस यांनी 1984 मध्ये पन्नाशीपुढच्या 538 धावपटूंचा आणि न धावणाऱ्या 423 जणांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली. 19 वर्षांनंतर धावपटूंपैकी 15 टक्के माणसं गेली होती, दुसऱ्या गटातली 34 टक्के. अंथरूण धरण्याचा, दुसऱ्याच्या हातानं जगण्याचा काळही धावपटूंच्या वाट्याला बराच उशिरा आला. गुडघे झिजतात हा आमच्याकडचा पेटंट इशारा. त्याच गटाच्या पाहणीत धावपटूंचे गुडघे इतरांपेक्षा जास्त बिघडलेले आढळले नाहीत. अर्थात ज्यांचं शरीर मुळात चांगलं तेच पन्नाशीनंतर पळतात, हा आक्षेप पूर्ण पुसता येत नाही. तो आक्षेप फोल ठरला तरी आकड्यांसाठी कुणी पहाटेचं पांघरूण सोडत असेल यावर माझा विश्वास नाही. आकडे जावयाला सांगायला बरे पडतात.

कसं पळावं याबद्दल मी धावण्याच्या पुस्तकांपेक्षा आमच्या बगीच्यांकडून जास्त शिकलो. आंबिया बहरासाठी संत्र्याचं पाणी थंडीत तोडतात. झाड ताणावर जातं, पानं मलूल होतात, आणि मग पाणी सोडलं की फूल येतं. व्यायामाचं शास्त्रही हेच सांगतं: आधी ताण, मग विसावा, आणि वाढ होते ती विसाव्यात. पण हलक्या जमिनीला भारी जमिनीइतका ताण सोसत नाही. थकलेल्या झाडाला जवान झाडाचा ताण दिला, तर ते एकदा फुलांनी लगडतं, शेतकरी खूश होतो, आणि पुढच्या हंगामात फांद्याच्या फांद्या वाळतात. म्हातारं झाड राखायचं तर ताण कमी, वाळलेली सल वेळेवर काढायची, आणि फळ थोडं धरायचं. साठीनंतर एका जोराच्या दिवसामागे दोन सौम्य दिवस लागतात. चाळिशीत एक पुरत होता. हे मान्य करायला मला फार वेळ लागला नाही, कारण वरूडात असा ताणानं वाळलेला बगीचा दाखवायला कुणीही तयार असतो.

कॅनडातल्या मिल्टन गावचा एड व्हिटलॉक 73 व्या वर्षी 2 तास 54 मिनिटांत मॅरेथॉन पळाला, आणि 85 व्या वर्षी चार तासांच्या आत. त्याचा सराव घराजवळच्या कब्रस्तानात चाले. रहदारी नाही, कुत्री नाहीत, म्हणून तिथे तो तास-तास एकटाच फेऱ्या मारी. लोकांनी त्यातून मृत्यूचं तत्त्वज्ञान काढायचा बराच प्रयत्न केला, त्यानं दाद दिली नाही. उलट रोजच्या पळण्यात आपल्याला काही आनंदबिनंद होत नाही, ते एक काम आहे, आवडते ती शर्यत आणि विक्रम, असं तो सरळ सांगे. धावण्याच्या गोडव्यानं भरलेल्या लेखांमध्ये मला हा माणूस फार मोलाचा वाटतो. म्हातारपणी माणसानं स्पर्धा सोडावी, शांत व्हावं, ही अपेक्षा त्यानं धुडकावली. शांत म्हातारे पुष्कळ आहेत. ईर्ष्या बाळगणारा आणि ती कुणालाही दुखवणार नाही अशा जागी, म्हणजे स्वतःच्याच वयोगटात, खर्च करणारा म्हातारा दुर्मीळ.

वयोगटाचं मात्र आपल्याकडे अवघड आहे. फौजासिंग यांनी 2011 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली, पण जन्मदाखला नसल्यानं गिनेसनं विक्रम मानला नाही. 1911 च्या पंजाबातल्या खेड्यात दाखला कोण देणार होतं? आमच्या पिढीतही निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा किंवा एक जुलैचा असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. मी स्वतः कागदावर किती वर्षांचा आणि प्रत्यक्षात किती, याचा घरात अजून एकमुखानं निकाल लागलेला नाही. घड्याळाला त्याची गरज पडत नाही.

फौजासिंगांनी नव्वदीच्या उंबरठ्यावर पहिली मॅरेथॉन केली, शंभरीनंतर शर्यती सोडल्या, चालणं सोडलं नाही. आणि जुलै 2025 मध्ये, कागदोपत्री 114 व्या वर्षी, गावाजवळचा रस्ता ओलांडताना गाडीच्या धडकेनं गेले. ही बातमी वाचून मी सवयी बदलल्या. संत्र्याच्या हंगामात आमच्या रस्त्यांनी रात्रभर भरलेले ट्रक धावतात, पहाटे चालकाच्या डोळ्यांवर झापड असते, आणि मागून येणारं वाहन म्हाताऱ्या कानांना उशिरा कळतं. म्हणून आता रस्त्याच्या उजव्या बाजूनं, समोरच्या दिव्यांकडे तोंड करून पळायचं आणि सदरा पांढरा घालायचा. उन्हाळ्यात आणखी एक: या वयात तहान उशिरा लागते, घामही कमी येतो, म्हणजे शरीर इशारा द्यायला चुकतं. तेव्हा तहानेची वाट न पाहता निघण्याआधीच तांब्याभर पाणी प्यायचं आणि मे महिन्यात ऊन वर यायच्या आत घरी यायचं, मग त्या दिवशी अंतर कितीही कमी भरो.