मृताची स्वाक्षरी

व्हिएन्नातील ऑस्ट्रियन राष्ट्रीय ग्रंथालयात मोझार्टच्या ‘रेक्विएम’चे हस्तलिखित जतन केलेले आहे. त्याच्या प्रारंभी मोझार्टची स्वाक्षरी आहे आणि स्वाक्षरीपुढे वर्ष आहे १७९२. मोझार्टचे निधन झाले ५ डिसेंबर १७९१ रोजी. ही स्वाक्षरी त्याचा सहायक फ्रान्त्स झाव्हर स्यूसमायर याच्या हातची मानली जाते. कलाकृतीवरील नावाचा अर्थ काय, हा प्रश्न या एका पानाने जितक्या नेमकेपणाने विचारला आहे, तितका तो सिद्धांतग्रंथांतूनही क्वचितच विचारला गेला असेल.

घटनाक्रम थोडक्यात असा. काउंट वाल्सेग याची तरुण पत्नी फेब्रुवारी १७९१ मध्ये वारली. तिच्या स्मरणार्थ त्याने मध्यस्थामार्फत, स्वतःचे नाव गुप्त ठेवून, मृतांसाठीच्या प्रार्थनाविधीचे संगीत मोझार्टकडे मागितले. इतरांच्या रचना स्वहस्ते उतरवून त्या स्वतःच्या म्हणून मिरवण्याची या सरदाराला हौस होती. मोझार्टने आरंभीचा भाग तेवढा पूर्ण केला. पुढील काही भागांत त्याने गायकांच्या ओळी व खर्जाची ओळ लिहून ठेवली. ‘लाक्रिमोसा’ तर आठ तालखंडांनंतरच थांबला. मोबदल्याचा काही अंश आगाऊ मिळालेला, उरलेला काम पुरे झाल्यावर मिळायचा. घरात दोन लहान मुले आणि डोक्यावर कर्ज. या स्थितीत विधवा कॉन्स्टांट्सने रचना दुसऱ्याकडून पुरी करून घेतली आणि ती संपूर्णतः मोझार्टची म्हणून वाल्सेगच्या हाती दिली. वाल्सेगने १४ डिसेंबर १७९३ रोजी ती स्वतःची म्हणून सादर केली. अशा रीतीने एका असत्याचा सौदा दुसऱ्या असत्याशी झाला.

या प्रसंगाकडे आधुनिक समीक्षेच्या दृष्टीने पाहिले, तर त्यात आक्षेपार्ह असे काही उरत नाही. रोलाँ बार्थने १९६७ मध्ये ‘लेखकाच्या मृत्यू’ची घोषणा केली, तेव्हापासून संहितेला तिच्या जनकाच्या नावाने बांधून ठेवणे हा भाबडेपणा ठरला आहे. या भूमिकेत तथ्य आहे. ‘रेक्विएम’मधील ‘कीरिए’च्या फ्यूगचा मुख्य विषय हेंडेलच्या ‘मेसाया’मध्येही आढळतो आणि ‘मेसाया’चे वाद्यलेखन १७८९ मध्ये मोझार्टनेच नव्याने केले होते. म्हणजे जो भाग निःसंशय मोझार्टचा, तोही केवळ त्याचाच नाही. संगीताची परंपरा देवघेवीवरच चालते. स्वामित्व या अर्थी कर्तृत्व ही कल्पना येथे टिकत नाही.

समीक्षेलाही नावाने अनेकदा चकवले आहे. १८२५ मध्ये गॉटफ्रीड वेबर याने या रचनेच्या अस्सलपणाबद्दल जाहीर शंका घेतली. काही स्थळे मोझार्टला शोभणारी नाहीत, म्हणून ती त्याची नसावीत, असा त्याचा युक्तिवाद होता. मात्र ‘कीरिए’मधील स्वरांची जी धावपळ त्याला खटकली, ती मोझार्टचीच होती. गुण दिसला की तो गुरूचा, दोष दिसला की तो शिष्याचा, अशी वाटणी एकदा ठरली म्हणजे रसग्रहण संपते आणि नावाची पूजा सुरू होते. मग नाव पुसून टाकणेच श्रेयस्कर नव्हे काय?

या प्रश्नाचे उत्तर स्यूसमायरच्या एका कृतीत सापडते. १८०० मध्ये प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात त्याने ‘सांक्टुस’, ‘बेनेडिक्टुस’ व ‘आग्नुस देई’ हे भाग आपण नव्याने रचल्याचे सांगितले आणि आपले काम त्या थोर पुरुषाच्या नावाला साजेसे नाही, असेही नमूद केले. हे श्रेयाची मागणी करणाऱ्याचे पत्र वाटत नाही. या भागांत उणिवा आहेत. ‘ओसान्ना’ दोनदा येते, पहिल्यांदा डी मेजरमध्ये आणि दुसऱ्यांदा बी फ्लॅट मेजरमध्ये. रूढ संकेतानुसार दोन्हींचा मूळ स्वर एकच असावयास हवा. मृताच्या स्वाक्षरीने हा दोष आठ वर्षे मृताच्या माथी मारला होता. पत्राने तो ज्याचा त्याच्याकडे परत आला.

येथे कर्तृत्वाचा एक वेगळा अर्थ हाती लागतो. नाव म्हणजे पारितोषिक नव्हे, तर जबाबदारीची कबुली होय. ‘हा स्वर येथे का?’ असे विचारले गेले असता उत्तर देण्यास जो बांधलेला आहे आणि समर्थही आहे, तो कर्ता. वाल्सेगने सगळी रचना आपल्या हाताने उतरवली, परंतु तिच्यातील एकाही स्वराचे समर्थन तो करू शकला नसता. म्हणूनच त्याचा अपराध चोरीपेक्षा अधिक पोकळ वाटतो. कॉन्स्टांट्सचे असत्य गरजेपोटी आलेले होते, आणि दिवंगत पतीच्या ठायी तिने लादलेला दोष तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. याउलट स्यूसमायरला तो ठाऊक होता. म्हणून त्याची खोटी स्वाक्षरी अधिक गंभीर, आणि त्याची कबुलीही.

त्याच्याआधी हे काम योझेफ आयब्लरकडे गेले होते. त्याने मोझार्टच्याच पानांवर वाद्यांच्या ओळी भरल्या, ‘लाक्रिमोसा’मध्ये जेमतेम दोन तालखंड पुढे लिहिले आणि लेखणी खाली ठेवली. ते थांबणे हेही एक उत्तरच होते. पुढे विसाव्या शतकात फ्रान्त्स बायर, रिचर्ड माँडर, रॉबर्ट लेव्हिन यांनी या रचनेची आपापली पूर्तता सिद्ध केली आणि ती आपापल्या नावाने प्रसिद्ध केली. माँडरने तर ‘सांक्टुस’ व ‘बेनेडिक्टुस’ गाळूनच टाकले. त्यांच्या निर्णयांशी मतभेद होऊ शकतो, कारण मतभेद कोणाशी करावयाचा हे ठाऊक आहे.

सौंदर्याचा विचार नावावाचून होऊ शकेल; ‘लाक्रिमोसा’ ऐकताना नववा तालखंड कोणाचा, हे श्रोत्याला आठवलेच पाहिजे असे नाही. परंतु न्यायाचा विचार नावावाचून होत नाही. लेखकाचा मृत्यू ही सिद्धांताला सोयीची कल्पना आहे. मोझार्ट मात्र खरोखरच मेला होता, आणि मेलेला माणूस आपल्या नावावर काय लिहिले गेले याचा जाब देऊ शकत नाही. तो देण्याचे काम जिवंतांकडेच राहते.