यादीत न मावणारं आरोग्य

घरटी आयुष्मान कार्ड पोचलं की 'सर्वांसाठी आरोग्य' आलं, असं हल्ली जाहिरातींतून आणि भाषणांतून बिनदिक्कत सांगितलं जातं. कार्डाला माझा विरोध नाही. आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात, आणि ऑपरेशनसाठी जमीन गहाण टाकावी न लागणं ही मोठीच गोष्ट आहे. पण बीपीचा त्रास असलेल्या बाईला उपकेंद्रातल्या गोळ्या संपल्या म्हणून मेडिकलमधून विकत घ्याव्या लागतात, तेव्हा हे कार्ड चालत नाही. हात आखडला म्हणून तिने गोळ्या सोडल्या आणि पक्षाघात होऊन ती भरती झाली, की मग चालतं. ज्या विचारातून 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा आली, त्याच्या हे नेमकं उलट आहे.

जर्मनीत बिस्मार्कने आणलेला १८८३ चा आजारविमा, ब्रिटनमधला बेव्हरिज अहवाल, आपल्या भोर समितीचा १९४६ चा अहवाल हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, इथवर कुणाचा वाद नाही. १९७८ साली 'सर्वांसाठी आरोग्य' हे ध्येय घेऊन सोव्हिएत संघातल्या आल्मा-आटा इथे १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. पाणी, अन्न, स्वच्छता हेही आरोग्यसेवेतच धरायचं आणि तिच्या नियोजनात लोकांचा हात असायचा, असं त्यांनी ठरवलं.

पुढची हकिगत बहुतेक जण एकाच चालीवर सांगतात. आल्मा-आटा हे स्वप्न होतं, तिजोरीत पैसा नव्हता, म्हणून व्यवहारी माणसांनी ते आवाक्यात आणलं. मला हे वाचन साफ चुकीचं वाटतं. आल्मा-आटाच्या तीन वर्षं आधी जागतिक आरोग्य संघटनेने केनेथ न्यूवेल यांनी संपादित केलेलं एक पुस्तक काढलं होतं. त्यात चीन, क्यूबा, टांझानिया, ग्वाटेमाला इथली प्रत्यक्ष चाललेली कामं होती आणि त्यांत आपलं जामखेडही होतं. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण कसं करायचं, जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, हे त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. पाण्याच्या बोअर दलित वस्तीत घेतल्या गेल्या, म्हणजे वरच्या जातींना हंडा घेऊन तिथे यावं लागलं. हा आरोग्याचाच कार्यक्रम होता. कारण कोणाच्या पोराला स्वच्छ पाणी मिळणार, हे गावात जातच ठरवत होती.

मग वाट बदलली कुठे? १९७९ साली वॉल्श आणि वॉरन या संशोधकांनी एक निबंध लिहिला आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या इटलीतल्या बेलाजिओ इथल्या परिषदेत त्यावर चर्चा झाली. कोणत्या रोगाने किती माणसं मरतात आणि तो रोखायला किती खर्च येतो हे मांडून थोडे, स्वस्त, खात्रीचे उपाय आधी निवडा, असं त्यांचं म्हणणं होतं. तेही तात्पुरतं म्हणून. त्यातूनच पुढे युनिसेफने वाढीवर देखरेख, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण हा कार्यक्रम धरला. त्याने असंख्य मुलं वाचली, आणि ते नाकारणारा माणूस मला अप्रामाणिक वाटतो. पण इथे पैशाच्या काटकसरीपेक्षा फार मोठा बदल झाला. आरोग्य म्हणजे किंमत लावलेल्या उपायांची यादी, असं ठरलं. बोअर कुठे घ्यायची, सेविका कोणी निवडायची, हे अशा यादीत बसतच नाही. म्हणून ते गळालं, आणि गळाल्याची खंतही कोणाला वाटली नाही.

यादी झाली की ती विकत घेता येते. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालात गरीब देशांसाठी किमान सेवांचं पॅकेज माणशी वर्षाला सुमारे १२ डॉलरचं होतं. आज विमा योजनांच्या दरपत्रकात प्रत्येक शस्त्रक्रियेपुढे जो आकडा दिसतो, तो याच वंशातला. कार्ड आल्मा-आटाचा वारसा सांगत असलं, तरी त्याचं घराणं बेलाजिओचं आहे.

यादी टाळता येत नाही, हे मान्य. पण ती कशावर उभी करायची हे निवडता येतं, आणि थायलंडने ते निवडून दाखवलं. तिथल्या सरकारने १९८० च्या दशकात काही वर्षं शहरी रुग्णालयांच्या नव्या बांधकामाचा पैसा रोखला आणि तो तालुका पातळीवरच्या रुग्णालयांकडे आणि आरोग्य केंद्रांकडे वळवला. नव्या डॉक्टरांना गावाकडची सेवा त्याआधीपासूनच सक्तीची होती. दर भेटीला तीस बाथ घेऊन उपचार देणारी सर्वांसाठीची योजना देशभर लागू झाली ती २००२ साली, हे सगळं उभं राहिल्यावर. तिथे माणसाचं नाव जवळच्या केंद्राशी जोडलं जातं आणि त्या केंद्राला माणशी ठरावीक रक्कम आधीच मिळते. बीपीच्या गोळ्या त्याच रकमेतून दिल्या जातात, आणि त्यासाठी कोणाला आधी खाटेवर पडावं लागत नाही.