दगडी गुलाबाचे मोल

एखाद्या वस्तूची खरी ओळख पटली की तिचे मोल कमी होते की वाढते? आणि ती ओळख ज्याला आहे, त्याने ती कोणाला सांगावी? नांदेड-लातूरकडची माणसे रोजगारासाठी जेद्दा, दम्माम, दोहा गाठू लागली, तशा तिकडच्या वस्तू इकडच्या शोकेसमध्ये आल्या. खजूर, अत्तर, तस्बीह आणि क्वचित एखादे वाळूच्या रंगाचे दगडी फूल. हे फूल या प्रश्नासाठी चांगले उदाहरण आहे.

त्याला वाळवंटी गुलाब म्हणतात. ते कोणी कोरलेले नसते. जिथे खारे पाणी जमिनीलगत असते, त्या भूमीला अरबीत 'सब्खा' म्हणतात. उन्हाने पाणी उडून जाते आणि त्यातले कॅल्शियम सल्फेट वाळूत पातळ पात्यांच्या रूपाने स्फटिक होते. पाती एकमेकींना छेदत वाढतात, वाळूचे कण पोटात घेतात आणि पाकळ्या तयार होतात. म्हणजे पदार्थ जिप्समच. आपला शेतकरी चोपण जमीन सुधारायला हेच जिप्सम पोत्याने आणतो. तेच भाजून दळले की मोडलेल्या हाडाला घालायचे प्लास्टर होते.

पारख अवघड नाही. खऱ्या जिप्समवर नखाने ओरखडा उठतो. बॅराइट नावाच्या खनिजाचेही असेच गुलाब असतात, पण ते हातात घेताच जड लागतात आणि तिथे नख चालत नाही. प्लास्टर आणि वाळू मिसळून केलेली नक्कलही मिळते. भिंगातून पाहिले तर पाकळ्यांच्या सांध्यात डिंक दिसू शकतो. मात्र खरा गुलाब धुऊ नये. जिप्सम पाण्यात थोडे थोडे विरघळते. कोरडा ब्रश पुरे.

किंमतीचे म्हणाल, तर हा दगड दुर्मीळ नाही. ट्युनिशिया, अल्जीरिया, मोरोक्कोत तो मुबलक सापडतो. मोठा आकार, न तुटलेली धारदार पाती आणि सापडल्या ठिकाणाची खात्री असेल, तर संग्राहक जास्त पैसे देतात. हातात मावेल एवढ्या साध्या तुकड्याला काही शे रुपयेच येतात. २०१९ साली दोह्यात कतारचे राष्ट्रीय संग्रहालय खुले झाले. वास्तुकार ज्याँ नुव्हेल यांनी त्याला याच गुलाबाचा आकार दिला आहे. फुलाची कीर्ती वाढली, म्हणून घरातल्या फुलाचे सोने होत नाही.

आता समजा, लातूरच्या एका बेवेच्या घरी असे फूल आहे. शोहरने सौदीहून आणलेले. कोणी तरी सांगितले, हे लाखाचे आहे. मुलीची फी त्यातून भरायची, असे तिने मनात धरले आहे. पारख असलेल्याने गप्प राहावे का? गप्प राहणे दयाळूपणाचे वाटते. पण खोट्या आशेवर तिने उद्या उधारी केली, तर ती फेडायची कोणी? म्हणून ''भाभी, इसके इत्ते पैसे नै आते'' हे वेळेवर सांगणे हीच दया. हे फूल आणणारा माणूस तिच्यासाठी काय होता, ते नखाच्या ओरखड्याने ठरत नाही. तिथे पारखी माणसाचा अधिकार संपतो.

पण खरी कसोटी उलट्या बाजूला आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले निळे कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक शोधतात. असा दगड फोडणाऱ्या मजुराच्या हाती लागला आणि त्याला मोल ठाऊक नसेल, तर जाणकार खरेदीदार ते सांगतो का? स्वस्त दगडाला स्वस्त म्हणायला फारसे धैर्य लागत नाही. महागाला महाग म्हटले की आपला नफा जातो. मराठीत 'गबन' म्हणजे अफरातफर. मूळ अरबी शब्द 'गब्न' मात्र सौद्यात एका बाजूच्या पदरी पडलेल्या तोट्यासाठी आहे. समोरच्याच्या अज्ञानावर कमावलेला नफा त्या मूळ अर्थाच्या फार जवळ जातो.

ज्ञान ही अमानत मानली, तर ती दोन्ही बाजूंना सारखीच परत करावी लागते. म्हणून एक साधा नियम पाळावा. जो किंमत सांगतो, त्याने ती वस्तू स्वतः विकत घेऊ नये. आणि घ्यायचीच असेल, तर आपण ती पुढे कितीला विकू, हे आधी सांगावे. एवढे सांगूनही सौदा झाला, तर तो हलाल कमाईचा सौदा.