स्मृतिभ्रंश आणि सेवाधर्म

दिवेलागणीस मलकपेठेतील एखाद्या घरी वृद्ध माता आपल्याच ओसरीवर बसून 'मला घरी पोचवा' म्हणते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्मृतिभ्रंश क्रोधमोहातून उपजतो. हा मात्र मेंदूचा विकार. त्याचे एक रूप जर्मन वैद्य आल्झायमर यांनी १९०६ साली मांडले. तो कोणाच्या दोषाचे फळ नव्हे. मग तिला खोडून काढावे, की खोटे सांगावे? दोन्ही नकोत. 'आई, मी जवळ आहे' हे सत्य आहे आणि तिला तेवढेच हवे असते. २००७ चा कायदा अपत्यांकडून अन्न, वस्त्र, निवारा मिळवून देईल. धीर देणार नाही. तो भार एकट्या सुनेवर टाकून आपण देवळात जपास बसणे धर्म्य नव्हे. आठवड्यातून दोन घटका तिला उसंत देऊन त्या मातेजवळ बसावे. तीही पूजाच होय.