जुन्या चौकटीचें मोल

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपल्याकडे जितकी बोलली जाते तितकी पाळली जात नाहीं. जुनें सोनें घेण्यास सोनार बसलेला असतो. पण पडलेल्या घराची चौकट, मोडक्या ओसरीचा खांब, छपरावरून उतरलेले कवेलू यांना बहुधा चूल तरी मिळते किंवा उकिरडा तरी. अलीकडे मात्र या वस्तूंना एक नवा आश्रय लाभूं लागला आहे. दाराच्या फळ्यांचें मेज होतें, खिडकीच्या चौकटींत आरसा बसतो, तुळईच्या तुकड्याची भिंतीवर पुस्तकांची फळी होते, आणि थोडक्या पैशांत दिवाणखाना सजल्याचें समाधान यजमानाला मिळतें. वरवर पाहतां ही गोष्ट सुतारकामाची व काटकसरीची आहे. परंतु तिच्या पोटांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तोच आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचा आहे. दुसऱ्याच्या मोडलेल्या घराचा अवशेष आपल्या घराचा अलंकार करण्याचा आपणांस कितपत अधिकार आहे?

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यांत सानगडी नांवाचें गांव आहे. तेथील पडका किल्ला सहानगड या नांवानेंही ओळखला जातो. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध असला, तरी त्याचें दुसरें वैभव रानाचें. नागझिऱ्याचें अरण्य साकोलीपासून फार दूर नाहीं. साग, ऐन, बिजा हीं झाडें जवळपास असल्यामुळें या टापूंतील जुन्या घरांच्या भिंती मातीच्या असल्या, तरी त्यांना लाकूड मात्र टिकाऊ मिळत असे. आज हीं घरें झपाट्यानें जात आहेत. २०१६ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण शाखेनें खेडोपाडीं विटा-सिमेंटचीं घरें उभीं केलीं, आणि ज्यांना ऐपत होती त्यांनीं त्यापूर्वींच स्लॅब टाकला होता. याबद्दल शहरांत बसून हळहळणें आम्हांस अप्रशस्त वाटतें. दर उन्हाळ्याच्या अखेरीस कवेलू फेरणें, भिंतींना पोतेरा देणें, गळणाऱ्या धारेखालीं रात्रीं घमेलें ठेवणें हें ज्याच्या नशिबीं आलें, त्याला पक्क्या छपराचें महत्त्व कोणी शिकवावयास नको. जुनें घर पाडणारा मनुष्य अरसिक असतो असें नाहीं. तो पावसाला कंटाळलेला असतो.

घर पाडल्यावर उरलेल्या लाकडाचें काय करावें, या प्रश्नाला उपयुक्ततावादी एका शब्दांत उत्तर देईल: वापरा. त्याच्या बाजूनें पुरावाही भरपूर आहे. पन्नास वर्षें ऋतुमानांत मुरलेला साग पुन्हां फारसा आक्रसत नाहीं कीं वांकत नाहीं. जगांत मनुष्याच्या व्यवहारांतून जो कर्बवायु बाहेर पडतो, त्यांतील शेंकडा सात-आठ भाग एकट्या सिमेंटच्या उत्पादनाचा आहे. विटा भाजण्यांत कोळसा जळतो आणि शेताची माती जाते ती वेगळीच. बांधकाम व पाडकाम यांच्या टाकाऊ मालासंबंधीं केंद्र सरकारला २०१६ सालीं स्वतंत्र नियम करावे लागले, यावरून या ढिगाऱ्याच्या ओझ्याची कल्पना यावी. अर्थात् वापरणारानें डोळे उघडे ठेवलेच पाहिजेत. वाळवी लागलेली फळी घरांत आणणें म्हणजे चोराच्या हातीं किल्ली देणें होय. जुन्या तैलरंगांत शिसें असण्याचा संभव मोठा. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्षांत ९० भाग इतकी खालीं आली ती २०१६ च्या नियमांनीं. म्हणून रंगविलेलें दार घरांत, मुलाबाळांच्या समोर, कोरडें घासूं नये. त्याची धूळ उडूंच देऊं नये. ॲस्बेस्टॉसच्या जुन्या पत्र्यांना तर शोभेच्या कामीं हातही लावूं नये.

येथपर्यंत प्रश्न व्यवहाराचा झाला. परंतु वापर हा स्वतःच सद्गुण आहे काय? रोमन लोक शत्रूच्या अंगावरून उतरविलेल्या शस्त्रांना ‘स्पोलिया’ म्हणत. पुढें पंडितांनीं हाच शब्द एका इमारतींतून काढून दुसरींत बसविलेल्या दगडांना लाविला. रोममध्यें ३१५ सालीं कॉन्स्टंटाइनची कमान उभी राहिली, तेव्हां तिच्यावर ट्राजन, हेड्रियन व मार्कस ऑरेलियस यांच्या काळचीं शिल्पें चढविलीं गेलीं. शब्दाचा मूळ अर्थ लूट असा आहे, हें विसरून चालणार नाहीं. आपल्याच उपखंडांत एकोणिसाव्या शतकांत हडप्पा येथील विटा लाहोर-मुलतान रेल्वेच्या मार्गाखालीं भराव म्हणून गेल्या. तेथेंही टाकाऊचा वापर झालाच होता, आणि काटकसरही झाली होती. केवळ एका नगराची स्मृति खडीच्या भावानें विकली गेली. तेव्हां ‘फुकट जाणार होतें, म्हणून घेतलें’ हें समर्थन पुरेसें नाहीं. काय घेतलें, कोणाचें घेतलें, आणि घेऊन त्याचें काय केलें, हे तीन प्रश्न उरतातच.

याउलट उदाहरणेंही आहेत. पुण्याचे दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांनीं आयुष्यभर गांवोगांव हिंडून जुन्या वाड्यांचीं कोरीव दारें, खिडक्या, दिवे, अडकित्ते जमविले. तो संग्रह आज सर्वांस पाहतां येतो. चंदीगड वसविण्यासाठीं जीं खेडीं उठविलीं गेलीं, त्यांच्या ढिगाऱ्यांतून नेकचंद सैनी या सरकारी नोकरानें १९५७ पासून गुपचूप एक बाग घडविली. १९७६ सालीं ती लोकांस खुली झाली. फुटक्या बशा, मोडक्या बांगड्या, टाकलेले दगड यांतून त्यांनीं माणसांच्या व पशुपक्ष्यांच्या मूर्ति उभ्या केल्या. खेडीं परत आलीं नाहींत, हें खरें. पण त्यांच्या अवशेषांना बाजाराची वाट धरावी लागली नाहीं.

आमच्या मतें प्रश्नाचें मर्म येथें आहे. घराची चौकट ही नुसतें लाकूड नव्हे. ती बसवितांना आपल्याकडे पूजा होते. उंबरठ्यावर हळदकुंकू वाहिलें जातें. नवी सून त्यावरचें माप ओलांडून घरांत येते, आणि घरचा कर्ता शेवटीं त्यावरूनच बाहेर जातो. वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ सालीं झाली, व पुढें भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील कित्येक गांवांना आपली जागा सोडावी लागली. अशा गांवच्या माणसानें जुन्या घराचें दार उतरवून नव्या वस्तींत बसविलें, तर त्याला कोणी सजावट म्हणणार नाहीं. तें दार त्याच्या कुळाचा धागा अखंड ठेवतें. तेंच दार अडचणीच्या वेळीं मातीमोलानें विकलें गेलें, आणि चार हात फिरून एखाद्या दिवाणखान्यांत कांच घातलेलें मेज झालें, तर लाकूड तेंच राहतें, पण त्याचा अर्थ बदलतो. पाहुणा विचारतो, ‘केवढ्याला मिळालें?’ आणि यजमान अभिमानानें सांगतो, ‘अगदी स्वस्तांत!’ या स्वस्तपणाची किंमत कोणी दिली, हा प्रश्न त्या बैठकींत निघत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. विकणारा राजीखुषीनें विकतो. त्याला जुन्या दारापेक्षां लोखंडी दार हवें असतें. मग तुमची ही हळवी चिंता म्हणजे पोट भरलेल्यांचा विलास नव्हे काय? आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे. आपल्या वस्तूचें काय करावें हें ठरविण्याचा हक्क मालकाचाच, आणि त्याच्या वतीनें त्याच्या भूतकाळावर प्रेम करण्याचा ठेका आम्हां सुशिक्षितांना कोणी दिलेला नाहीं. पण राजीखुषी ही माहितीवांचून पुरी होत नाहीं. ज्याला आपल्या दाराची शहरांतली किंमत ठाऊक नाहीं, आणि ज्याला नव्या घराच्या हप्त्यापूर्वीं अंगण मोकळें करावयाचें आहे, त्याची संमति कायद्याला पुरते. विवेकाला पुरत नाहीं. शिवाय ज्या खरखरीत भिंतींतून व धुरकट लाकडांतून गरीब मनुष्य सुटूं पाहतो, त्याच भिंतींचें व लाकडाचें सोंग श्रीमंताच्या घरांत ‘ग्रामीण शोभा’ म्हणून वठावें, यांत कांहीं तरी विपरीत आहे. आतां तर नवें लाकूड ठोकून, खरवडून जुनें भासविलें जातें. येथें काटकसरीचा लवलेशही उरत नाहीं. उरतो तो दारिद्र्याचा मुखवटा.

मग सामान्य गृहस्थानें करावें तरी काय? आम्हांस तीन मर्यादा पुरेशा वाटतात. पहिली, जें पडलें आहे तेंच घ्यावें. आपल्या हौसेसाठीं उभें असलेलें पाडवूं नये. सानगडीच्या किल्ल्यासारख्या स्थळांच्या दगडांना तर स्पर्शही करूं नये. ते कोणा एकाचे नव्हेत. किमान शंभर वर्षें जुनी, इमारतीपासून सुटी केलेली वस्तुही १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याच्या व्याख्येंत येऊं शकते, हेंही ध्यानांत असावें. दुसरी, विकणाराला खरी किंमत सांगावी व द्यावी. स्वस्ताई आपल्या मेहनतीतून साधावी, त्याच्या अज्ञानांतून नव्हे. तिसरी, शक्य तेथें वस्तूला तिचें मूळ काम परत द्यावें. केरळांत स्थायिक झालेले वास्तुकार लॉरी बेकर (१९१७-२००७) जुन्या घरांचीं दारें-खिडक्या नव्या घरांत दारें-खिडक्या म्हणूनच बसवीत, व त्यांत सौंदर्य आणि बचत दोन्ही साधत. दाराला दार राहूं देणें हा त्याचा सर्वांत मोठा सन्मान. तें न जमल्यास फळी, मेज वा बाकडें करावें, म्हणजे निदान तें राबत राहील.

या मर्यादा पाळल्या तर जुन्या चौकटींतला आरसा कोणाच्या घरीं असण्यास आमची हरकत नाहीं. फक्त त्यांत तोंड पाहणारानें ही चौकट कोणत्या गांवची, कोणाच्या घरची, हें विचारून ठेवावें व मुलांना सांगावें. गांवाचें नांव आठवणीत राहिलें, म्हणजे त्या वस्तूचें अर्धें ऋण तरी फिटलें असें म्हणतां येईल.