शेजारी कोण, व हापसा कोणाचा?
वाचनाकरिता: लूक 10:25-37



दरवर्षी 26 जानेवारीस आपली लेकरे शाळेच्या पटांगणात उभी राहून संविधानाची उद्देशिका मुखोद्गत म्हणतात, तेव्हा आम्हांस मोठा संतोष वाटतो. तीत स्वातंत्र्य व समता यांच्या मागोमाग बंधुता हा शब्द येतो. 1947 साली घटना समितीने संमत केलेल्या ध्येयांच्या ठरावात तो नव्हता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने तो मागाहून घातला. बंधुतेवाचून समता व स्वातंत्र्य टिकावयाची नाहीत, असे डॉक्टरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीस बजाविले. परंतु समता मोडणारास कायदा शिक्षा करू शकतो. ज्याच्या मनी बंधुता नाही त्यास कोणता फौजदार पकडणार?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका मंडळीत जे घडले ते सांगावयास आम्हांस लाज वाटते, तरी सांगतो. विहिरी आटल्या होत्या. आवारातील हापशास मात्र पाणी होते. गावाबाहेर पारध्यांची चार पाले पडली होती, व त्यांच्या बाया घागरी घेऊन येऊ लागल्या. पंचांनी हापशाच्या दांड्यास साखळी घालून कुलूप लाविले. आम्ही विचारिले, तेव्हा एक वडील भाऊ म्हणाले, "पाळकसाहेब, हापसा सरकारी नाही. मंडळीच्या वर्गणीचा आहे." त्यांचे म्हणणे कायद्यास धरून होते. संविधानाच्या 15व्या अनुच्छेदाने ज्या विहिरी व तळी सर्वांस खुली केली, ती सरकारी पैशाने राखलेली किंवा सर्व लोकांकरिता अर्पिलेली होत. आमचा हापसा त्यांत मोडत नव्हता. आम्ही म्हणालो, "पुढल्या सभेत पाहू." सभेस अकरा दिवस अवकाश होता, आणि तान्हेल्या माणसास अकरा दिवस म्हणजे काय, हे आम्हांस ठाऊक होते.

प्रभूस प्रश्न करणारा शास्त्रीही नियमशास्त्र उत्तम जाणत होता. प्रीती करावी हे त्यास मान्य होते. कोठवर करावी एवढेच त्यास पाहिजे होते. त्यास कुंपण पाहिजे होते, म्हणजे पलीकडच्यांविषयी निश्चिंत होता आले असते. प्रभूने कुंपण दाखविले नाही. त्याने दाखविला एक शोमरोनी, ज्याच्याशी यहूदी लोक संबंध ठेवीत नसत. शेजारी कोण, असे शास्त्र्याने विचारिले. शेजारी कोण झाला, असे प्रभूने उलट विचारिले. याजक व लेवी यांनी जखमी मनुष्यास मारिले नव्हते, हेही ध्यानात घ्या. ते केवळ बाजूने गेले. आम्हीही तेवढेच केले.

असा शोमरोनी आपल्या देशातही झाला आहे, आणि तो आपल्या मंडळीतला नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांनी 1868 साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. त्या काळी तसे करावयास कोणताही कायदा सांगत नव्हता, आणि हौद तर घरचा! उलट महाडचे चवदार तळे सार्वजनिक होते. अशी तळी सर्वांस मोकळी असावी, असा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने 1923 सालीच केला होता. तरी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांबरोबर लोकांनी ते पाणी घेतले तेव्हा त्यांस मार बसला, व पुढे तळ्याची शुद्धी करण्यात आली. बंधूंनो, मार खाणारे ते लोक म्हणजे आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे, किंवा त्यांचे सोयरे.

हे आम्हांस आठवले असे म्हणावे, तर तेही खरे नाही. तिसऱ्या दिवशी मंडळीतील एक म्हातारी आई आमच्या दारी आली. तिची आई पाटलाच्या विहिरीपाशी रिती घागर घेऊन, कोणी वरून पाणी घालील काय, अशी वाट पाहत उभी राही. म्हातारी एवढेच म्हणाली, "कुलूप मी पाहिलं नाही असं मला करता येत नाही, साहेब. किल्ली द्या." आम्ही पंचांकडे गेलो. बोलाचाली झाली, एक घर दोन आदितवार उपासनेस आले नाही, परंतु साखळी त्याच सायंकाळी निघाली.

आता हापशाचे वॉशर झिजले आहे व दुरुस्तीची वर्गणी चालू आहे. खजिनदाराच्या वहीत पालांवरून आलेले पन्नास रुपये लिहिले आहेत. ज्या घराने उपासना सोडली होती, त्याच्या नावापुढची जागा अद्याप कोरी आहे.