दुसरी बॉडी

कोल्हापुरातला एक तरुण शिरोलीच्या एमआयडीसीत, एका फौंड्रीत कामाला होता. दुसरी पाळी असली की पहाटे उठून तालमीत जायचा. कुस्ती त्याला येत नव्हती, तो फोटो काढायला जायचा. हौद्यातली तांबडी माती, ताक-हळद-तेल मुरून तिला आलेला ओलसर वास, जोर मारणाऱ्या पोरांच्या पाठीवरचा घाम आणि खिडकीतून तिरका येणारा थोडासा उजेड, हे सगळं त्याला फिल्मवरच हवं असायचं. चुलत्यानं दिलेला पेंटॅक्स के १००० हा त्याचा एकुलता एक कॅमेरा. सोबत पन्नासची लेन्स आणि पुढं स्वतःच्या पगारातून घेतलेली एकशे पस्तीसची. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं निघत होता. सेल लागतो तो फक्त मीटरला, शटर स्प्रिंगवर चालतं. शिकणाऱ्याच्या हातात द्यावा असा याहून साधा कॅमेरा मला तरी माहीत नाही.

दिवाळीचा बोनस हातात आला आणि त्याच्या डोक्यात कॅमेऱ्याची दुसरी बॉडी घोळू लागली. कारणंही तयार होती. तालमीच्या आत चारशेची ब्लॅक अँड व्हाइट लागते, बाहेर मैदानाच्या कुस्त्यांना रंगीत, आणि एका कॅमेऱ्यात एका वेळी एकच रोल बसतो. शिवाय त्याचे रंगीत फोटो वर्षभर नीट येत नव्हते. उन्हातल्या आभाळाची एक बाजू काळवंडलेली दिसायची. हा कॅमेरा ब्लॅक अँड व्हाइटला बरा, रंगीतला वेगळा हवा, असं त्यानं मनाशी धरलं. मुंबईला फोर्टात बोरा बाजारला कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथं एक निकॉन एफएम२ बघून ठेवल्याचं मित्रानं कळवलं होतं. शटर चार हजारापर्यंत, म्हणजे सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत जातं म्हटल्यावर त्याला झोप लागेना.

पैसे पाठवायच्या आधी तो कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेला. काकांनी उमेदीची सगळी वर्षं लग्नाचे फोटो काढण्यात घालवली होती आणि आता घराच्या पुढच्या खोलीत बसून दुरुस्ती करत होते.

"काका, दुसरी बॉडी घ्यावी म्हणतोय."

"घे की. खरं, कशासाठी?"

त्यानं कारणं सांगितली. काकांनी ऐकून घेतली, हो नाही काही म्हटलं नाही.

"गेल्या वर्षाच्या सगळ्या निगेटिव्ह घेऊन ये. फोटो नकोत मला. निगेटिव्ह आण."

दुसऱ्या दिवशी तो फाइल घेऊन हजर. काकांनी दुधी काचेखालचा दिवा लावला, लाल पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "बॉडी एकच होती म्हणून जिथं फोटो हुकला, तिथं खूण कर. दुसऱ्या कशानं हुकला असंल तर करू नको."

हे काम वाटतं तितकं सोपं नसतं. हुकलेला फोटो निगेटिव्हवर नसतो. पण त्याच्या आधीची फ्रेम असते, नंतरची असते, आणि त्या दोन्हींच्या मधे काय निसटलं ते ज्याचं त्याला पक्कं आठवत असतं. पोरगा प्रामाणिक होता. पट्टीमागून पट्टी बघत गेला. इथं पोचायलाच उशीर झाला होता. इथं पाठीमागं उभा राहिलो, पैलवानाचा चेहराच दिसला नाही. इथं रोल संपला आणि खिशात दुसरा नव्हता. इथं दुसरा होता, पण महाग म्हणून राखून ठेवला. तासाभरानं काचेवर लाल खुणा पडल्या होत्या मोजून दोन. दोन्ही वेळा आत ब्लॅक अँड व्हाइट अर्धी झाली होती आणि बाहेर रंग हवा होता.

"याला दुसरी बॉडी कशाला? अर्धा रोल गुंडाळ, खरं शेवटाला हाताला सैल लागला की थांब, शेपूट बाहेर राहू दे. कितवी फ्रेम झाली ते रोलवर लिही. परत लावशील तेव्हा लेन्सला झाकण घाल, शटर हजारावर ठेव आणि तेवढ्या फ्रेमा रिकाम्या मार. वर एक-दोन जास्त मार, म्हणजे एकावर एक चढत नाहीत."

त्याला हे ठाऊकच नव्हतं. पण रंगीत फोटोंचं काय?

त्या पट्ट्या काकांनी स्वतः भिंगाखाली धरल्या. मैदानातल्या फ्रेमा एका कडेला पातळ होत्या. पण त्याच रंगीत रोलवर संध्याकाळी काढलेले दोन-चार फोटो कडेपर्यंत एकसारखे होते. काकांनी विचारलं, "हे कितीवर काढलेले?" "साठावर." "आणि पैलवान उचलून टाकलेला?" "हजारावर. नाहीतर हलतं ना, काका."

काकांनी कोपऱ्यातला जुना डब्बा टीव्ही चालू केला. लेन्स काढली, कॅमेऱ्याची पाठ उघडली, टीव्हीकडं तोंड करून शटर हजारावर मारलं. पोराला मागून बघायला लावलं. उजेडाचा तिरका पट्टा दिसला, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता होत गेलेला. या कॅमेऱ्याच्या शटरला कापडाचे दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्या मागून झाकत जातो. हजारावर त्या दोघांत अगदी चिंचोळी फट उरते. आतलं वंगण सुकलं, एक पडदा रेंगाळला, की फट वाटेत बदलते आणि फ्रेमच्या एका बाजूला उजेड कमी पोचतो. साठावर फट रुंद असते, तिथं हे कळतही नाही. तालमीत उजेड कमी म्हणून तो तीस-साठच्या वर कधी जात नव्हता, आणि तिथं भरलेली असायची ब्लॅक अँड व्हाइट. दोष वेगाचा होता, त्यानं तो रंगाच्या माथी मारला होता.

"आता ती एफएम२ बघू," काका म्हणाले. "कॅमेरा उत्तमच. १९८२ साली आला, तेव्हा चार हजाराचं शटर म्हणजे मोठी गोष्ट होती. खरं तुझ्या दोन्ही लेन्सा तिला बसायच्या नाहीत, माउंट वेगळा. म्हणजे बॉडी घेतलीस की लेन्स आली. आणि तीसुद्धा जुनीच. पाठीचा फोम चिकट झालेला असणार, वंगणाचा नेम नाही. घरात एक म्हातारा बैल आजारी असताना बाजारातनं दुसरा म्हातारा बैल आणायचा, त्यातली गत. दोघांचं औषधपाणी तूच बघायचं."

पोरगा जरा हिरमुसला. "मग तुम्ही दोन-दोन कॅमेरे गळ्यात घालून का हिंडायचात?"

काकांनी भिंग खाली ठेवलं. सुरुवातीला त्यांच्याकडंही एकच कॅमेरा होता. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना छत्तीस फ्रेमा संपल्या. रोल गुंडाळून नवा भरेपर्यंत अंतरपाट खाली आला होता, हार घालून झाले होते, ताशा वाजायला लागला होता. नवरीचा बाप काही बोलला नाही. अल्बम न्यायला आला तेव्हा मात्र पानं पुन्हा पुन्हा उलटून तो एक फोटो शोधत बसला. त्यानंतर पहिल्या मिळकतीतून काकांनी दुसरी बॉडी घेतली, तीही पहिल्यासारखीच, म्हणजे लेन्स इकडची तिकडं चालावी. "अक्षता एकदा पडल्या की पडल्या. तुझे पैलवान उद्या पहाटे पुन्हा मातीत उतरणार आहेत."

परतताना खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा कॅमेऱ्याचा स्तंभ लागतो. रोज त्याच्यासमोरून जाणाऱ्या पोरानं त्या दिवशी सायकल थांबवली. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला याच गावात, दामल्यांना हाताशी घेऊन सिनेमाचा कॅमेरा घरी बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांना आधी चित्रपट करायचा होता, कॅमेरा त्यापायी आला. शाळेत पाठ केलेली ही माहिती त्याला आता वेगळी लागली असावी, कारण त्यानं तिथूनच मित्राला फोन करून एफएम२ नको म्हणून कळवलं.

के १००० काकांकडं महिनाभर पडून राहिला. पडदे ताणून झाले, वंगण बदललं, फोम खरवडून नवा लागला. बोनसमधून उरलेल्या पैशाचे त्यानं रोल घेतले आणि पुढच्या मैदानाला पहिल्यांदाच हात न आखडता फोटो काढले. हवेत उचललेला पैलवान, खाली उडालेली माती, आणि आभाळ या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखं निळं.

वर्ष लोटलं. तालमीतल्या एका पैलवानाचं लग्न ठरलं. त्याचा हट्ट होता की आपले फोटो या पोरानंच काढायचे, आणि फिल्मवरच. पोरानं होकार दिला आणि त्याच संध्याकाळी काकांचं दार वाजवलं.

"काका, आता मात्र दुसरी बॉडी पाहिजे."

"कशासाठी?"

"अंतरपाट बाजूला होताना रोल संपला तर काय करू?"

काका उठले. कपाटातून कापडात गुंडाळलेली बॉडी काढली. ती त्यांचीच जुनी के १०००, लग्नांवर फिरलेली. किंमत त्यांनी सरळ सांगितली, फार कमी नाही आणि जास्तही नाही. पोरानं घासाघीस न करता पैसे मोजून ठेवले.

"लग्नाला किती दिवस आहेत?"

"तीन आठवडे."

"मग उद्याच एक रोल भर. सगळ्या स्पीडवर मार, हजारावर जास्त मार. धुऊन निगेटिव्ह मला आणून दाखव. त्याच्याआधी ही बॉडी मांडवात न्यायची नाही."